तीन सेंटिमीटर आतडे आणि ‘पातळी’ हा शब्द

माझ्या पीएच.डी.च्या विषयाच्या शीर्षकात मुळात ‘पातळी’ हा शब्द होता. मॉर्फीन आणि ट्रामाडॉल ही ओपिऑइड वर्गातली वेदनाशामके प्राण्यांच्या आतड्यातील व मेंदूतील न्यूरोट्रान्समीटरांच्या पातळीवर काय परिणाम करतात, अशा अर्थाचा तो मथळा होता आणि २०१७ साली पुण्यातल्या एका औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयात नोंदणी करताना तो मला अगदी निर्दोष वाटला होता. पाच वर्षांनी प्रबंध सादर केला तेव्हा तो शब्द शीर्षकातून गेलेला होता. मधल्या काळात काय घडले ते येथे क्रमाने लिहीत आहे. प्रबंधात हे लिहिता आले नाही, कारण प्रबंधात फसलेल्या प्रयोगांना जागा नसते.

न्यूरोट्रान्समीटरला मराठी पुस्तकांत चेतापारेषक म्हणतात. प्रयोगशाळेत तसे कोणी म्हणत नाही, म्हणून मीही येथे रुळलेला शब्दच वापरते. एका चेतापेशीच्या टोकाशी सूक्ष्म पिशव्यांत साठवलेले हे रसायन, विद्युत्संदेश आला की बाहेर सुटते आणि पुढच्या पेशीला किंवा स्नायूला कामाला लावते. आतड्याच्या हालचालीसाठी मुख्यतः अॅसिटिलकोलीन हे काम करते. मेंदूत त्याच्या जोडीला डोपामिन, नॉरअॅड्रेनलिन, सेरोटोनिन, गाबा अशी मोठी यादी आहे. मॉर्फीन यांपैकी कोणाचाही थेट भाऊबंद नाही. ते चेतापेशीवरच्या स्वतःच्या वेगळ्या ग्राहीला (रिसेप्टरला) चिकटते आणि त्या पेशीने आपले रसायन किती सोडायचे यात ढवळाढवळ करते.

सुरुवात परवानग्यांनी झाली. प्राण्यांशी क्रूरतेने वागण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आहे, त्याखाली प्राण्यांवर प्रयोग करणाऱ्या प्रत्येक संस्थेला प्राणी नीती समिती नेमावी लागते आणि तिच्यासमोर प्रस्ताव मांडून प्रत्येक प्राण्याचा हिशेब द्यावा लागतो. समितीत शास्त्रज्ञांबरोबर एक पशुवैद्य असतो आणि विज्ञानाशी संबंध नसलेला एक सामाजिक प्रतिनिधीही असतो. आमच्याकडचे ते प्रतिनिधी निवृत्त मुख्याध्यापक होते. मी आकडेवारीचा तक्ता दाखवून झाल्यावर त्यांनी शांतपणे विचारले, “मॉर्फीन घेणाऱ्या कॅन्सरच्या रुग्णाला बद्धकोष्ठता होते, हे डॉक्टरांना शंभर वर्षांपासून माहीत आहे ना? मग ते सिद्ध करायला तुम्हाला गिनी पिग कशाला हवेत?” बद्धकोष्ठता होते हे माहीत आहे, पण एकाच वर्गातली दोन औषधे ती सारख्याच वाटेने घडवतात का, हे मला पाहायचे आहे, असे उत्तर मी दिले. त्यांनी मान डोलावली, पण प्राण्यांची संख्या एक तृतीयांशाने कमी करायला लावली. पुढे एका आतड्यातून चार चार तुकडे काढून प्रयोग आखणे मी शिकले ते त्या कपातीमुळे, नाहीतर सुरुवातीला मी एका प्राण्यामागे एकच तुकडा धरला होता.

दुसरी अडचण औषधाची होती. मॉर्फीन अफूपासून निघते, भारतात ते काम नीमच आणि गाझीपूर येथील सरकारी कारखान्यांत होते, आणि अंमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यामुळे त्याचा प्रत्येक थेंब कागदावर असावा लागतो. आमच्या मॅडमकडे, म्हणजे माझ्या मार्गदर्शिकेकडे, रीतसर परवाना होता. लोखंडी कपाटाला दोन कुलुपे होती, एकाची किल्ली त्यांच्याकडे आणि दुसरीची विभागप्रमुखांकडे. आणि जमा, खर्च व शिल्लक अशा तीन रकान्यांची एक जाड नोंदवही होती. ट्रामाडॉलचे त्या मानाने सोपे जाईल असा आमचा समज होता, कारण ते तेव्हा साध्या चिठ्ठीवर मिळणारे औषध होते. पण एप्रिल २०१८ मध्ये केंद्र सरकारने ट्रामाडॉललाही त्याच कायद्याच्या कक्षेत आणले. माझी मागणी नेमकी त्याच आठवड्यात गेली होती. ती परत आली, नवे अर्ज भरले गेले, आणि त्यात सात महिने गेले. त्या सात महिन्यांत मी केवळ मॉर्फीन आणि आतडे यांच्यावर काम केले, ही आता मागे वळून पाहताना मोठी सोय झाली असे वाटते, तेव्हा मात्र रोज चिडचिड होत असे.

गिनी पिग हा सांभाळायला लाघवी पण नाजूक प्राणी आहे. माणसासारखेच त्याच्या शरीरातही क जीवनसत्त्व तयार होत नाही, त्यामुळे नुसत्या गोळीखाद्यावर तो टिकत नाही. प्राणिगृहाचे मामा रोज सकाळी मंडईतून लसूणघासाची पेंडी आणि कोबीची बाहेरची पाने घेऊन येत. पिशवीचा सळसळाट ऐकला की सगळ्या पिंजऱ्यांतून एकदम शिट्ट्यांसारखा आवाज सुरू होई. प्रयोगाच्या दिवशी कोणता प्राणी घ्यायचा हे मी चिठ्ठ्या टाकून ठरवत असे, कारण हाताने निवडला तर आपण नकळत संथ, सहज पकडता येणारा प्राणी निवडतो. मामा त्या दिवशी घास घालायला स्वतः येत नसत, मला पाठवत. आम्ही दोघेही त्याविषयी कधी बोललो नाही.

समितीने मान्य केलेल्या पद्धतीने प्राण्याला मृत्यू दिल्यावर पोट उघडून लहान आतड्याचा शेवटचा भाग, म्हणजे शेषांत्र, घ्यायचे. त्यातही मोठ्या आतड्याला लागून असलेले अखेरचे दहा सेंटिमीटर सोडून द्यायचे, कारण तिथला प्रतिसाद वेगळा असतो. उरलेल्या भागातून सुमारे तीन सेंटिमीटरचा तुकडा कापायचा, आतली घाण टायरोड द्रावणाने, म्हणजे शरीरातल्या द्रवासारख्या क्षारांच्या पाण्याने, हलक्या हाताने धुवायची, दोन्ही टोकांना दोरा बांधायचा आणि काचेच्या ऑर्गन बाथमध्ये तो उभा टांगायचा. द्रावण ३७ अंशांवर असते आणि त्यातून ९५ टक्के ऑक्सिजन व ५ टक्के कार्बन डायऑक्साइड यांचे बुडबुडे सतत सोडलेले असतात. एवढे जमले की शरीराबाहेरचा हा तुकडा कित्येक तास जिवंत राहतो, कारण आतड्याच्या भित्तिकेतच स्नायूंच्या दोन थरांमध्ये चेतापेशींचे स्वतःचे जाळे असते आणि त्याला मेंदूची परवानगी लागत नाही.

माझे पहिले तीन तुकडे मात्र तासाभरातच मरगळले. टायरोड द्रावण किंचित दुधाळ दिसत होते आणि मला वाटत होते की ते तसेच असते. मामांनी दुरूनच पाहून सांगितले, “ताई, चुना झालाय त्याचा.” कॅल्शियम क्लोराइड आणि खाण्याचा सोडा दोन्ही मी घट्ट स्वरूपात एकामागोमाग ओतले होते, त्यामुळे कॅल्शियम कार्बोनेटचा साका बसला होता आणि आतड्याला आकुंचनासाठी लागणारे कॅल्शियमच द्रावणात उरले नव्हते. बाकीचे क्षार भरपूर पाण्यात विरघळवून, वायू सोडून, कॅल्शियम शेवटी थेंबाथेंबाने घालायचे असते. मामांचे शिक्षण नववीपर्यंतचे होते, पण त्यांनी तीस वर्षांत किती दुधाळ टायरोड पाहिले असेल त्याची गणती नाही.

चौथ्या तुकड्याने साथ दिली. दर दहा सेकंदांनी विजेचा अर्ध्या मिलिसेकंदाचा एक झटका दिला की तुकडा आखडे आणि संगणकाच्या पडद्यावर एक काटेरी उंचवटा उमटे. पंधरा-वीस मिनिटांनी सगळे काटे एका उंचीचे झाले, जणू कुंपणाचे खांब. मग मी मॉर्फीन घातले, बाथमधली मात्रा सुमारे शंभर नॅनोमोलार होईल इतके. काटे एकेक करून खुजे होत गेले आणि तीन-चार मिनिटांत निम्म्यावर आले. त्यावर नॅलोक्सोन, म्हणजे मॉर्फीनला ग्राहीवरून हुसकावणारे औषध, घातल्यावर ते पुन्हा पहिल्या उंचीवर चढले. मॉर्फीन आतड्याला थोपवते हे १९१७ मध्ये पॉल ट्रेंडेलेनबर्गने गिनी पिगच्याच शेषांत्रावर दाखवले होते, त्यामुळे यात नवे काहीच नव्हते. तरीही ते काटे खाली जाताना पाहून मी मॅडमना फोन केला, आणि त्याही रात्री आठ वाजता प्रयोगशाळेत आल्या.

काटे खुजे झाले, याचा अर्थ दोन प्रकारे लागतो. एक तर मॉर्फीन स्नायूलाच लुळे करत असेल, किंवा स्नायूला आज्ञा देणारे अॅसिटिलकोलीन कमी सुटत असेल. याचा निवाडा १९५७ मध्ये इंग्लंडमध्ये विल्यम पेटन यांनी केला होता. त्यांनी मॉर्फीनच्या उपस्थितीत बाहेरून अॅसिटिलकोलीन घातले तर आतडे पूर्वीइतकेच आखडले. स्नायू ठणठणीत होता. मग त्यांनी बाथमध्ये सुटणारे अॅसिटिलकोलीन मोजले आणि मॉर्फीनने ते घटते हे दाखवले. मला हे दोन्ही टप्पे स्वतःच्या हाताने करून पाहायचे होते. पहिला टप्पा एका दुपारी झाला. दुसऱ्याने माझे पाच महिने खाल्ले.

अॅसिटिलकोलीन मोजणे अवघड असते, कारण ऊतींमधले एक विकर (एन्झाइम) ते सुटताक्षणी तोडून टाकते. त्या विकराला रोखण्यासाठी बाथमध्ये एसेरिन घालतात, ठरावीक मिनिटांनी बाथमधले पाणी काढून घेतात, आणि ते पाणी दुसऱ्या ताज्या आतड्याच्या तुकड्यावर टाकून, तो किती आखडतो यावरून, माहीत असलेल्या मात्रांशी तुलना करत अॅसिटिलकोलीनचे प्रमाण काढतात. ही जुनी जैवमापनाची पद्धत आहे. आमच्याकडे महागडे यंत्र दुसऱ्या कामाला अडकलेले असल्यामुळे मी ती निवडली, आणि अजूनही मला ती आवडते, कारण तिच्यात मोजपट्टीसुद्धा जिवंत असते.

माझ्या नमुन्यांत मात्र काहीच सापडेना. मॉर्फीन घातलेल्या बाथमध्ये नाही आणि मॉर्फीन नसलेल्या बाथमध्येही नाही. आठवडाभर सगळीकडे शून्य आल्यावर मी एक कागद लिहायला घेतला होता, त्यात ‘आमच्या परिस्थितीत अॅसिटिलकोलीनची पातळी मापनयोग्य मर्यादेखाली आढळली’ असे एक भारदस्त वाक्यही होते. मॅडमनी ते वाचले, काही न बोलता उठल्या, शीतकपाटातून माझी एसेरिनची बाटली काढली आणि खिडकीशी उजेडात धरली. द्रावण फिकट गुलाबी होते, रूह-अफजाचा एक थेंब पाण्याच्या तांब्यात पडावा तसे. “हा रंग कधीपासून आहे?” त्यांनी विचारले. मी म्हटले, सुरुवातीपासूनच असेल. एसेरिन उजेडात आणि हवेत ऑक्सिडीकरण होऊन लाल पडते आणि त्याबरोबर त्याचा विकराला रोखण्याचा गुणही जातो. माझे अॅसिटिलकोलीन सुटत होते आणि बाथमध्येच फस्त होत होते. त्यानंतर मी एसेरिन रोज सकाळी ताजे करून बाटलीला काळा कागद गुंडाळू लागले, आणि दुसऱ्याच दिवशी मोजता येईल इतके अॅसिटिलकोलीन मिळाले. तो कागद मी फाडला, पण ते भारदस्त वाक्य अजून पाठ आहे.

पुढचे काम किचकट असले तरी सरळ होते. नमुन्यात मॉर्फीन आणि एसेरिन दोन्ही असल्यामुळे तुलनेची द्रावणेही तितकेच मॉर्फीन आणि एसेरिन घालून करावी लागत, नाहीतर फरक कशाचा ते कळले नसते. जे मोजले ते अॅसिटिलकोलीनच आहे ना, हे पाहण्यासाठी काही नमुने अल्कली घालून उकळायचे. अॅसिटिलकोलीन त्यात नष्ट होते आणि आतडे ढिम्म राहते. काही नमुने अॅट्रोपीन, म्हणजे अॅसिटिलकोलीनचा स्नायूवरचा परिणाम अडवणारे औषध, दिलेल्या आतड्यावर टाकायचे. तिथेही ते ढिम्मच राहायला हवे. या सगळ्या चाचण्यांतून गेल्यावर मॉर्फीनने अॅसिटिलकोलीनचे सुटणे घटते हे माझ्या वहीतही आले. झटके मंद गतीने दिले तर घट जास्त आणि भराभर दिले तर कमी, हाही पेटन यांचाच शोध मला पुन्हा दिसला. त्याचे कारण आता चांगले माहीत आहे. मॉर्फीन ज्याला चिकटते तो म्यू नावाचा ग्राही चेतापेशीत कॅल्शियम शिरण्याच्या वाटा अरुंद करतो आणि पोटॅशियम बाहेर जाण्याच्या वाटा उघडतो. कॅल्शियमशिवाय पिशव्या रिकाम्या होत नाहीत. झटके लागोपाठ आले की थोडे थोडे कॅल्शियम साचत जाते आणि औषधाचा अडसर काही अंशी ओलांडला जातो.

येथेच ‘पातळी’ या शब्दाशी माझे पहिले भांडण झाले. उत्सुकतेपोटी मी मॉर्फीन दिलेल्या आणि न दिलेल्या आतड्यांचे तुकडे वाटून त्यांच्यातले एकूण अॅसिटिलकोलीन मोजले होते. दोघांत नाव घेण्याजोगा फरक नव्हता. माझ्या शीर्षकाप्रमाणे पाहिले तर मॉर्फीनचा आतड्यातल्या अॅसिटिलकोलीनच्या पातळीवर परिणाम होत नाही, असे उत्तर आले असते, आणि तरीही त्याच औषधाने रुग्णाचे पोट आठ आठ दिवस साफ होत नाही.

ट्रामाडॉल हाती आले तेव्हा त्याने आणखी एक धडा दिला. बाथमध्ये मॉर्फीनच्या तुलनेत ते फारच दुबळे निघाले. माणसाच्या शरीरात यकृत ट्रामाडॉलचे रूपांतर एका अधिक जोरकस रेणूत करते आणि ओपिऑइड ग्राहीवर मुख्यतः तोच काम करतो. माझ्या काचेच्या भांड्यात यकृत नव्हते. शिवाय ट्रामाडॉलचे दुसरेही एक अंग आहे. ते सेरोटोनिन आणि नॉरअॅड्रेनलिन यांना सुटल्यानंतर परत आत ओढून घेण्याची क्रिया रोखते, म्हणून त्याचे वेदनाशमन नॅलोक्सोनने पूर्णपणे पुसले जात नाही. म्हणजे एकाच वर्गातली दोन औषधे, पण एक सुटणे कमी करते आणि दुसरे, त्याशिवाय, परत घेणेही अडवते. मुख्याध्यापकांच्या प्रश्नाचे उत्तर मला येथे मिळाले होते, आणि मी ते त्यांना पुढच्या बैठकीत सांगितलेही.

सर्वांत जास्त लक्षात राहिलेला प्रयोग मात्र प्रबंधाच्या एका परिशिष्टात गेला. आतड्याचा तुकडा २२ अंशांवर रात्रभर मॉर्फीनच्या द्रावणात ठेवायचा आणि सकाळी ऑर्गन बाथमध्ये टांगून त्याला फक्त नॅलोक्सोन द्यायचे, वीज वगैरे काही नाही. साध्या द्रावणात रात्र काढलेला तुकडा नॅलोक्सोनला जुमानत नाही. मॉर्फीनमध्ये राहिलेला मात्र क्षणार्धात आखडतो आणि कित्येक मिनिटे तसाच ताणलेला राहतो. व्यसनी माणसाचे औषध एकाएकी तोडल्यावर त्याच्या पोटात पिळवटून कळा येतात, जुलाब होतात, त्याचीच ही छोटी आवृत्ती आहे. रात्रभर दाबून धरलेल्या चेतापेशींनी स्वतःला त्या दाबाशी जुळवून घेतलेले असते आणि दाब निघताच त्या अॅसिटिलकोलीन व इतर रसायने अतोनात सोडतात. अॅट्रोपीन दिले की आखडणे बरेचसे ओसरते, पूर्ण ओसरत नाही. ज्याला मन नाही, सवय नाही, दुःख नाही, अशा तीन सेंटिमीटर मांसाला औषधाची चटक लागते हे पाहून मी त्या दिवशी डबा न खाताच घरी गेले.

मेंदूकडे वळण्यापूर्वी प्राण्यांच्या जातींविषयी थोडे सांगायला हवे, कारण इथे मराठीच आडवी येते. रॅट आणि माऊस या दोघांनाही आपण उंदीर म्हणतो. मॉर्फीनला हा घोटाळा मान्य नाही. मॉर्फीन मिळाले की माऊस शेपटी धनुष्यासारखी पाठीवर उभारून पिंजऱ्यात गरागरा धावतो. तेच रॅटला पुरेशा मात्रेत दिले तर तो ताठरून एका जागी बसून राहतो. माऊसच्या शुक्रवाहिनीत मॉर्फीन नॉरअॅड्रेनलिनचे सुटणे रोखते, हे १९७२ मध्ये स्कॉटलंडमधील अॅबरडीन येथे हान्स कोस्टरलिट्झ यांच्या प्रयोगशाळेने दाखवले. रॅटची तीच वाहिनी मॉर्फीनला दाद देत नाही. याच प्रयोगशाळेत कोस्टरलिट्झ आणि जॉन ह्यूज यांनी डुकरांच्या मेंदूंचा अर्क गिनी पिगच्या शेषांत्रावर आणि माऊसच्या शुक्रवाहिनीवर टाकून पाहिला. त्याने मॉर्फीनसारखेच आकुंचन घटले, नॅलोक्सोनने ते परत आले, आणि १९७५ मध्ये पाच अमिनो आम्लांचे एन्केफॅलिन, म्हणजे शरीराचे स्वतःचे मॉर्फीन, जगासमोर आले. माझ्या टेबलावर जो तुकडा लटकत होता, तसल्याच तुकड्याने तो शोध लावला होता. मांजराची गोष्ट तर आणखी निराळी आहे. मोठ्या मात्रेत मॉर्फीन दिलेले मांजर झोपण्याऐवजी पिसाळते आणि त्याच्या अधिवृक्क (अॅड्रेनल) ग्रंथीतले अॅड्रेनलिन रिते होते. टी. आर. एलियट यांनी १९१२ मध्ये दाखवले की एका बाजूच्या ग्रंथीचे चेतातंतू आधीच कापून ठेवले तर ती बाजू भरलेली राहते. म्हणजे ग्रंथी रिकामी होते ती वरून आलेल्या हुकमामुळे.

मेंदूसाठी मी रॅट घेतले. मॉर्फीन किलोमागे १० मिलिग्रॅम, त्वचेखाली, आणि तासाभराने मेंदू काढून बर्फावर ठेवलेल्या काचेवर त्याचे भाग वेगळे करायचे. त्यांना परक्लोरिक आम्लात वाटून, थंड सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून, वरचे स्वच्छ द्रावण एचपीएलसी या, रसायने वेगळी करून मोजणाऱ्या, यंत्राला द्यायचे. पहिली तुकडी मी मोठ्या शिस्तीने केली. गोंधळ नको म्हणून सकाळी सगळे सलाईनचे, म्हणजे औषधाऐवजी नुसते मिठाचे पाणी टोचलेले, प्राणी आटोपले आणि जेवणानंतर सगळे मॉर्फीनचे. निकाल देखणा आला, सेरोटोनिनमध्ये ठळक फरक दिसला. मॅडमनी प्रयोगाच्या वेळांचा रकाना पाहिला आणि पूर्ण तुकडी बाद केली. रॅट हा निशाचर प्राणी आहे आणि त्याच्या मेंदूतली ही रसायने दिवसाच्या प्रहरांप्रमाणे वरखाली होतात. मी मोजला होता तो फरक मॉर्फीनचा होता की सकाळ-दुपारचा, हे आता ब्रह्मदेवालाही सांगता आले नसते. भर म्हणून, पहिल्या प्राण्याचा मेंदू काढायला मला सात मिनिटे लागली होती आणि शेवटच्याचा अडीच. मृत्यूनंतर मेंदू थांबत नाही. गाबा वाढत जाते, डोपामिनपासून बनणारे एक उपउत्पादन झपाट्याने साठते, अॅसिटिलकोलीन काही क्षणांत नाहीसे होते. बारा प्राणी वाया गेले होते आणि त्याचा अहवाल मला समितीला द्यायचा होता. मुख्याध्यापकांनी तो पूर्ण वाचला आणि एवढेच म्हणाले, “पुढच्या वेळी चिठ्ठ्या टाका.” मी आतड्याच्या प्रयोगात त्या टाकत होते. मेंदूच्या वेळी विसरले होते.

दुसऱ्या तुकडीत सलाईन आणि मॉर्फीनचे प्राणी चिठ्ठ्यांच्या क्रमाने मिसळले, सगळे सकाळच्या एकाच वेळेत केले आणि मेंदू काढायला माझ्याहून चपळ हात असलेल्या सहकाऱ्याला बसवले. एक गुरुवार देखभालीसाठी वीज बंद असल्यामुळे नमुने थर्मोकोलच्या खोक्यात कोरड्या बर्फावर बसवून काढला. निकाल आला तेव्हा मी पुन्हा खट्टू झाले. मेंदूच्या स्ट्रायटम या भागात डोपामिन जवळपास तेवढेच होते. मॉर्फीन म्हणजे डोपामिनचा पूर, असे आपण वाचलेले असते. माझ्या कागदावर पूर कुठेच नव्हता.

मॅडमनी माझ्याकडून कागद घेतला, डोपामिनच्या ओळीवर बोट न ठेवता खालच्या दोन ओळींवर ठेवले. डोपामिन वापरले गेल्यावर त्याची जी उपउत्पादने होतात, ती दोन्ही मॉर्फीनच्या गटात वाढलेली होती. सेरोटोनिनचे उपउत्पादनही तसेच. “अगं, खडकवासल्याची पातळी तुला चार दिवस सारखीच दिसते, म्हणून काय पाणी थांबलेलं असतं? वरून पानशेतचं येतंय, खाली कालव्याला सुटतंय. तू भिंतीवरचा आकडा वाचतेस, कालवा बघ.” मी सिंहगड रस्त्यावर राहते, रोज तो कालवा ओलांडून येते. मला ही उपमा सुचायला हवी होती.

मेंदूतल्या डोपामिनच्या मार्गात नेमके काय होते हे इतरांच्या कामातून मला नीट समजले. १९८८ मध्ये इटलीतील दि कियारा आणि इम्पेरातो यांनी हिंडत्याफिरत्या रॅटच्या मेंदूत अतिसूक्ष्म नळी ठेवून पेशींबाहेरच्या द्रवातले डोपामिन मोजले आणि मॉर्फीनने ते न्यूक्लियस अॅक्युम्बेन्स या, मेंदूतल्या सुखाच्या भावनेशी जोडलेल्या, भागात वाढते हे दाखवले. साठा वाटून मोजण्यापेक्षा हे कालव्यात उभे राहून मोजण्यासारखे होते. मॉर्फीन तर सोडणे कमी करणारे औषध, मग इथे वाढ कशी, हा प्रश्न मला महिनाभर छळत होता. उत्तर १९९२ मधल्या जॉन्सन आणि नॉर्थ यांच्या कामात होते. डोपामिनच्या पेशींवर गाबा सोडणाऱ्या पेशींचा लगाम असतो आणि मॉर्फीन तो लगाम धरणारा हात सैल करते. गाबा कमी सुटते, म्हणून डोपामिन जास्त सुटते. आतड्यात जी यंत्रणा अॅसिटिलकोलीन अडवते, तीच यंत्रणा मेंदूत गाबाला अडवून डोपामिनला मोकळे सोडते. जुलाबावर आपण घेतो ते लोपेरामाइडही ओपिऑइडच आहे, पण मेंदूच्या वेशीवरचा एक पंप त्याला परत बाहेर टाकतो, म्हणून ते आतड्यापुरते राहते आणि औषधाच्या दुकानात सहज मिळते.

प्रबंधाच्या अंतिम मसुद्यात मी शीर्षकातला ‘पातळीवर’ हा शब्द खोडून ‘मोचनावर आणि विनियोगावर’, म्हणजे सुटण्यावर आणि वापरावर, असे लिहिले. विद्यापीठाकडे शीर्षकबदलाचा अर्ज, त्यावर मार्गदर्शकाची शिफारस, समितीची मंजुरी आणि दंडाची पावती, असे सोपस्कार झाले. मौखिक परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी पहिला प्रश्न एसेरिनच्या रंगाविषयी विचारला, कारण पद्धतीच्या प्रकरणात ‘रोज ताजे, प्रकाशापासून दूर’ हे शब्द मी ठळक अक्षरांत छापले होते.

शेवटचे काम कपाटाचे होते. प्रकल्प संपल्यावर उरलेल्या मॉर्फीनच्या अॅम्प्यूल दोन साक्षीदारांसमोर नष्ट करून नोंदवही तपासणीसाठी ठेवावी लागते. तपासणीला आलेले अधिकारी वयस्कर होते, चष्मा कपाळावर चढवून वही वाचत होते. मी शिल्लकीचा रकाना पुढे केला, सगळीकडे जुळत असलेला. त्यांनी तो बाजूला सारला आणि खर्चाच्या रकान्यावर बोट ठेवून पहिल्या पानापासून एकेक तारीख विचारायला सुरुवात केली. त्यात दीड तास गेला. तोवर मामांनी दोनदा चहा आणला.